लाल दोरा उजव्या कानात

आई, तू गेलीस त्याला बारा वर्षं होऊन गेली आणि मला तुझा राग आत्ता आलाय. गेलेल्या माणसावर चिडणं किती गैरसोयीचं असतं, ते गेल्या काही महिन्यांत चांगलंच कळलं. भांडायला समोर कुणी नाही, दार आपटलं तर ऐकायला कुणी नाही, शिवाय गेलेल्यांबद्दल वाईट बोलू नये ही तुझीच शिकवण. आज मी बोलणार आहे. इथे जर्मनीत, त्सुफेनहाउझेनमधल्या आमच्या फ्लॅटच्या स्वयंपाकघरात बसून लिहितेय. दुपारची वेळ आहे, मोटारीच्या कारखान्याची सकाळची पाळी सुटलीय आणि माणसं पाठीला सॅक लावून स्टेशनकडे चाललीयत. समोर चटईवर माझी मुलगी बसलीय आणि स्टीलच्या वाटीवर चमचा बडवतेय. हो, तुला नात झालीय. नऊ महिन्यांची आहे. आमच्या लग्नाला बारा वर्षं उलटल्यावर, सगळ्यांनी विचारायचंही सोडून दिल्यावर आलेलं हे माणूस आहे आणि त्याला तसा तोरा आहे. नाक तुझं आलंय. ते मी तक्रार म्हणून सांगत नाही, तक्रार वेगळी आहे.

सगळं पासपोर्टच्या फोटोवरून सुरू झालं. ती दहा आठवड्यांची असताना आम्ही तिला स्टेशनजवळच्या एका फोटोग्राफरकडे नेलं. आपल्या पासपोर्टच्या फोटोत दहा आठवड्यांच्या बाळानंसुद्धा मान सरळ ठेवून कॅमेऱ्यात बघायचं असतं. हे नियम करणाऱ्यांनी बाळ कधी जवळून पाहिलेलं नसावं. त्या म्हाताऱ्या फोटोग्राफरनं जमिनीवर पांढरा टॉवेल अंथरला, तिला उताणी निजवली आणि स्वतः स्टुलावर चढून वरून कॅमेरा धरला. ती डावीकडे बघत होती. त्यानं उजवीकडून टाळ्या वाजवल्या, शीळ घातली, रबरी बदक पिळलं. मी हातानं डोकं मध्ये आणावं आणि सोडल्याबरोबर ते परत उजव्या खांद्याकडे कलावं, तोंड पुन्हा डावीकडे. वीस-पंचवीस फोटो वाया गेल्यावर तो खाली उतरला आणि म्हणाला, "ही नेहमी एकाच बाजूला बघते का?" मी म्हटलं, दमलीय. "नाईन, नाईन, दमलेली नाही. माझ्या नातीचं असंच होतं. डॉक्टरांना दाखवा." मग तो माझ्याकडे बघून आणखी काहीतरी बोलणार होता, पण बोलला नाही. मला वाटलं, माझ्या केसांत काहीतरी अडकलंय. घरी येईपर्यंत मी केस चाचपत होते.

मुलांच्या डॉक्टरीणबाईंनी दोन बोटं तिच्या मानेवरून फिरवली आणि माझं बोट धरून तिथे नेलं. उजव्या बाजूला कातडीखाली हरभऱ्याएवढी गाठ लागली. त्या बाजूचा स्नायू आखूड आहे, त्यामुळे डोकं त्याच बाजूला ओढलं जातं आणि तोंड उलट्या बाजूला वळतं, असं त्यांनी सांगितलं. इथे त्याला शीफहाल्स म्हणतात, म्हणजे सरळसरळ कलती मान. जर्मन भाषेला नाव ठेवताना नाजूकपणा जमत नाही. बहुतेक वेळा पोटातल्या ठेवणीमुळे होतं, कुणाची चूक नसते, आणि वर्षाच्या आत नेटानं व्यायाम केले तर बहुतेक मुलांची मान सरळ होते. नाही केले तर मान तशीच राहते आणि वाढता वाढता चेहराही एका बाजूनं बसका होत जातो. हे सगळं त्यांनी पावसापाण्याचं बोलावं तसं सांगितलं. मी फिजिओथेरपीचं रेझेप्ट, म्हणजे चिठ्ठी, घेऊन बाहेर आले आणि बाबागाडीला धरून थोडी रडले. मग स्वतःलाच म्हटलं, बरी होणारी गोष्ट आहे, तिचा बोभाटा करायचा नाही. नवऱ्यालाही फोनवर हेच शब्द सांगितले. ते शब्द कुणाचे होते ते मला तेव्हा माहीत नव्हतं.

गेर्लिंगेनला, माझ्या ऑफिसच्या दोन स्टॉप अलीकडे, दर गुरुवारी तीन वाजता आमची वेळ ठरली. मी वर्षभराच्या रजेवर आहे, त्यामुळे ऑफिसच्या वाटेवरून ऑफिसला न जाता दुसरीकडे जाण्याची गंमत वाटायची. थेरपिस्टबाई साठीच्या, केस बारीक कापलेले, पायांत हातानं विणलेले मोजे, आणि खुर्ची नावाची वस्तू त्यांच्या खोलीत नाहीच. सगळं जमिनीवर. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या मुलीला हातही लावला नाही. एक कापडी बाहुली माझ्या मांडीवर टाकली आणि म्हणाल्या, "मला ही आठवड्यातून वीस मिनिटं मिळणार. बाकी सगळा वेळ तुमचा. उपचार तुम्ही करणार, मी फक्त बघणार." एक तळवा खांद्यावर, एक डोक्याखाली, डोकं हळूच डाव्या खांद्याकडे न्यायचं आणि धरायचं. मग हनुवटी उजवीकडे वळवायची आणि धरायचं. दर वेळी डायपर बदलताना. शिवाय पाळणा फिरवून ठेवायचा, म्हणजे दार आणि माणसं तिच्या उजवीकडे येतील. खेळणी उजवीकडून दाखवायची. तिला जे बघायचंय ते सगळं अवघड बाजूला नेऊन ठेवायचं, असा तो सगळा कारभार. बाहुलीवर मला छान जमलं. मुलीवर केलं तर तिनं असा टाहो फोडला की माझे हात आपोआप सुटले. "दुखत नाहीये तिला," बाई म्हणाल्या, "ती चिडलीय. चिडलेल्या माणसाला काय करतात? गाणं म्हणा." मला त्या क्षणी एकही गाणं आठवेना. तोंडातून आलं ते बे एके बे, बे दुणे चार. तू पोळ्या लाटताना माझ्याकडून म्हणवून घ्यायचीस त्याच चालीत. ती रडता रडता थांबली आणि ऐकायला लागली. बे दाहे वीसपर्यंत मी मान धरून ठेवली. बाई खूश झाल्या, म्हणाल्या, तुमच्याकडची अंगाईगीतं किती शिस्तीची असतात. मी दुरुस्ती केली नाही.

घरी पहिले पंधरा दिवस भयंकर होते. दिवसातून सहा वेळा ती रडायची आणि मी पाढे म्हणायची. एका दुपारी खालच्या मजल्यावरच्या बाई दारात उभ्या. इथे दुपारी शांतता पाळायचा नियम असतो, मला वाटलं तक्रार करायला आल्या. तर त्या म्हणाल्या, "मूल फार रडतंय, काही मदत हवीय का?" मी त्यांना सगळं सांगून टाकलं, गाठीपासून पाढ्यांपर्यंत, एका दमात. ज्या बाईंशी मी चार वर्षांत कचऱ्याच्या डब्यांपलीकडे बोलले नव्हते त्यांना. "आख्सो, असं होय," त्या म्हणाल्या, "मग बरोबर करताय तुम्ही. रडू दे." आणि गेल्या. इतकंच. जग जागच्या जागी राहिलं.

तिसऱ्या का चौथ्या गुरुवारी, मुलगी चटईवर झोपून गेल्यावर, थेरपिस्टबाईंनी मला विचारलं, "आणि तुमचं काय? तुमच्यावर लहानपणी कुणी उपचार केले नाहीत का?" मी म्हटलं, कसले उपचार? त्यांनी स्वतःचं डोकं उजवीकडे कलवून दाखवलं. मी हसले. म्हटलं, ती माझी सवय आहे, लहानपणापासून. आई फार ओरडायची त्यावरून. त्या हसल्या नाहीत. "हात लावू?" असं विचारून त्यांनी दोन बोटं माझ्या मानेवर ठेवली, उजवीकडे, बरोबर मुलीच्या गाठीच्या जागी. तिथे मला कायम एक ताठ दोर लागतो. मला वाटायचं सगळ्यांनाच असतो. "गेनाऊ, अगदी बरोबर," त्या म्हणाल्या, "ही सवय नाही. हा स्नायू आहे, जन्मापासून आखूड. तुमचा उजवा गालही थोडा लहान आहे. तुम्हाला कुणीच सांगितलं नाही?" अडतीस वर्षांची बाई मी, इंजिनिअर, यंत्रातला केसाएवढा तिरकेपणा शोधायचं काम करते. मला कुणीच सांगितलं नव्हतं. स्टेशनातल्या फोटोच्या यंत्रानं मात्र दोनदा फोटो नाकारून, डोकं सरळ ठेवा, अशी पाटी दाखवली होती. यंत्र तेवढं खरं बोललं होतं.

घरी येऊन नवऱ्याला विचारलं, "तुला माझी मान वाकडी दिसते?" तो लॅपटॉपमधून वर बघून म्हणाला, "वाकडी नाही गं, कलती. पहिल्यांदा भेटलो तेव्हाच दिसली होती. मी बोलत होतो आणि तू अशी मान कलती करून ऐकत होतीस. मला वाटलं, आल्झो, म्हणजे हिला माझ्या बोलण्यात भयंकर इंटरेस्ट आहे." म्हणजे आमचा सगळा संसारच त्या स्नायूवर उभा आहे. मी हसले, तोही हसला, आणि तोपर्यंत मला तुझा काहीच संशय नव्हता. मला वाटलं, बिचारीला कळलंच नसेल. आपल्या छोट्या गावात, वीज मंडळाच्या कॉलनीत, त्या काळी कोण कुणाची मान तपासत होतं?

मग झुमके निघाले. स्टुटगार्टला मराठी मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम होता, मी साडी नेसून तयार होते, आणि निघायच्या आधी तिचा एक व्यायाम उरकून घेत होते. खुळखुळ्याला ती भीक घालत नव्हती. पण माझ्या कानाकडे टक लावून बघत होती, म्हणून मी दोन्ही झुमके काढले आणि दोन बोटांना अडकवून तिच्या उजवीकडे धरले. ती वळली. स्वतःहून, पहिल्यांदाच, चांगली खांद्यापर्यंत वळली. आनंदानं ओरडायला मी तोंड उघडलं आणि मला दिसलं की एक झुमका वर लोंबतोय आणि एक खाली. बोटं समान केली, तरी तेच. मग कड्या मोजल्या. ज्याला तू लाल दोरा गुंडाळून दिला होतास त्याला चार कड्या. दुसऱ्याला पाच. बारावीच्या निकालानंतर तू मला ते झुमके दिलेस आणि बरोबर नियम दिलास, लाल दोऱ्याचा उजव्या कानात. का, म्हटलं तर म्हणालीस, सोनारानं तसे बसवलेत, उलटे घातलेस तर झिजतील. मी वीस वर्षं तो नियम पाळला. दोरा विटला तसा दोनदा नवीन गुंडाळला. लग्नाच्या दिवशी, मुंडावळ्या बांधून झाल्यावर, तू गर्दीतून वाट काढत आलीस आणि माझ्या कानाला बोट लावून बघून गेलीस. मला वाटलं, आईचे डोळे भरून आलेत म्हणून कानाला हात लावून गेली. ही आठवण मी फार जपून ठेवली होती.

मी आरशासमोर उभी राहिले. नियमाप्रमाणे घातले तर दोन्ही झुमके एका रेषेत. उलटे घातले तर उजवा जवळजवळ खांद्याला टेकला. तेव्हा मला माझी मान दिसली, अडतीस वर्षांत पहिल्यांदा. आणि आणखी एक आठवलं. निकालाच्या आधी एका दुपारी मी अभ्यासाच्या टेबलाशी बसले होते आणि तू मागून येऊन माझ्या कानापासून खांद्यापर्यंत दोरा धरलास, आधी या बाजूनं, मग त्या बाजूनं. मी विचारलं, काय करतेस? म्हणालीस, ब्लाउजचं माप घेते, हलू नकोस. आई, ब्लाउजचं माप कानापासून कुणी घेतं का? मी त्या दिवशी कार्यक्रमाला गेले नाही. साडीतच पलंगाच्या कडेला बसून राहिले.

रविवारी मावशीला फोन केला. बाबा तुझ्याआधीच गेलेले, विचारायला तीच एक उरलीय. मी फक्त म्हटलं, मावशी, माझ्या मानेचं काय होतं गं? ती "काय झालं मानेला" असं म्हणाली नाही. म्हणाली, "अगं बाई, तुला कुणी सांगितलं?" मग तिनं सगळं सांगितलं, मधे मधे रडत. मी तीन महिन्यांची असताना तू मला पुण्याला मोठ्या दवाखान्यात नेलंस. तिथल्या डॉक्टरांनी हेच व्यायाम दिले, हेच, डोकं धरून कलवायचे. तू दीड महिना केलेस. मी रडायचे, कॉलनीच्या भिंती पातळ, आणि एक दिवस शेजारच्या काकूंनी बाहेर सगळ्यांदेखत विचारलं, "पोरीच्या मानेत काही दोष आहे का हो?" त्या दिवसापासून व्यायाम बंद. "ताई म्हणाली, होईल बरं आपोआप, कशाला बोभाटा करायचा? मुलीची जात आहे," मावशी सांगत होती. पुढे मी पाच वर्षांची झाल्यावर डॉक्टरांनी छोटं ऑपरेशन सुचवलं, तर तू म्हणालीस, गळ्यावर व्रण राहील, त्यापेक्षा आहे ते बरं. "माझ्याकडून शपथ घेतली तिनं. लग्न होईपर्यंत अवाक्षर काढायचं नाही. मग तुझं लग्न झालं, वर्षाच्या आत ती गेली. मी म्हटलं, आता कशाला उकरायचं? तू रागावू नकोस हं तिच्यावर. फार सोसलंय तिनं तुझ्यासाठी." मी म्हटलं, नाही रागावत. खोटं बोलले.

व्यायाम सोडलेस त्याबद्दल मी तुला माफ करू शकले असते. खरंच. दिवसातून सहा वेळा स्वतःच्या मुलीला रडवायचं म्हणजे काय, ते मी केलंय. माझ्याकडे थेरपिस्टबाई होत्या, नवरा होता, खालच्या बाई होत्या. तुझ्याकडे पातळ भिंती होत्या आणि पाळीवर गेलेले बाबा. पण पुढचं? मी अकरा वर्षांची होते. बाबांच्या ऑफिसातले साहेब सहकुटुंब चहाला आले होते, त्यांच्या बाईंनी विचारलं, "हिची मान अशी का हो?" तू हसून म्हणालीस, "काही नाही हो, लाडात येते." ते गेल्यावर तू मला स्वयंपाकघरात ओढलंस. ओट्यावर कांदेपोह्यांची कढई तशीच होती, तुझ्या हाताला हळद होती, आणि त्या हातानं माझी हनुवटी धरून तू म्हणालीस, "दहा वेळा सांगितलं मान सरळ ठेव म्हणून! लोकांत माझी शोभा करतेस? एवढंसं जमत नाही तुला?" हनुवटीवर पिवळी बोटं उठली होती. मी त्या रात्रीपासून कित्येक महिने भिंतीला डोकं टेकून उभी राहायची सवय लावून घेतली. शाळेत, कॉलेजात, मुलाखतींत, जिथे तिथे मी मनातल्या मनात स्वतःला ओरडत असे, मान! आणि खांदा दुखून यायचा. तुला माहीत होतं की ते मला जमणार नाही. माहीत असून तू माझ्यावर ओरडायचीस. जी गोष्ट तू अर्धवट सोडली होतीस, तिला तू माझी वाईट सवय म्हणालीस. याला मी काय म्हणू? मला फसवणूक हाच एक शब्द सापडतो.

त्यानंतर मी सगळे फोटो काढून बसले. कोयनेच्या धरणावरचा, शाळेच्या बक्षीस समारंभाचा, लग्नाचे. प्रत्येकात तू माझ्या उजवीकडे आहेस. प्रत्येकात माझं डोकं तुझ्या खांद्याकडे झुकलंय. लोक म्हणायचे, काय आईवेडी पोर आहे! धरणावरचा फोटो तर मी देश सोडताना उशाशी ठेवायला आणला, इथे दहा वर्षं तो फडताळावर आहे. कुणी विचारलं की सांगायचे, आमचं असं होतं, बघा. आता तो बघते आणि आठवतं की फोटो काढायच्या आधी तू मला हातानं पलीकडे सरकवलं होतंस. मुलगा बघायला आला तेव्हा सोफ्याच्या उजव्या हाताशी बसवलंस, कोपराखाली उशी दिलीस. सगळं मांडून ठेवलेलं. माझ्याकडे पुरावा म्हणून होतं ते सगळंच तू असं काढून घेतलंस. त्यात माझं झुकणं किती होतं आणि स्नायूचं किती, हे मला आता कधीच वेगळं करता येणार नाही. मग वाटतं, तुला तरी कुठे कळलं असेल? दवाखान्यात, शेवटच्या आठवड्यात, मी तुझ्या एका बाजूला बसले होते आणि तू सलाइनचा हात हलवून खुणावलंस, इकडून ये. मी वैतागून पलंगाला वळसा घालून त्या बाजूला गेले, म्हणजे तू माझ्या उजवीकडे आलीस. फोटो काढायला कुणीही नव्हतं तिथे. त्याचा अर्थ लावायचा मी पुष्कळ प्रयत्न केला. एखाद्या दिवशी तो लागतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जातो.

गेल्या गुरुवारी थेरपिस्टबाईंनी तिला मांडीवर बसवलं, डावीकडे कलवून सोडलं, उजवीकडे कलवून सोडलं. दोन्ही वेळा ती बुड जड असलेल्या बाहुलीसारखी सरळ झाली. गाठ गेलीय. "फेर्टिश," बाई म्हणाल्या, झालं आपलं. सहा महिने, एक दिवस चुकवला नाही मी, तापात असताना नवऱ्यानं पाढे म्हटले. माझ्याबद्दल त्या म्हणाल्या, आता सरळ होणार नाही, पण खांद्याचं दुखणं कमी करता येईल, या तुम्ही. जाईन म्हणते. आता मुलगी तिला वाटेल तिकडे वळते. कधी कधी मांडीवर बसून माझ्या छातीवर डोकं टेकते, डावीकडून, उजवीकडून, आणि ते तिचं स्वतःचं असतं. त्या वेळी मला तुझी सगळ्यात जास्त आठवण येते आणि सगळ्यात जास्त रागही येतो.

हे पत्र झुमक्यांच्या डबीखाली राहील. टाकायला पत्ताही नाही. पण एक गोष्ट राहिली, ती सांगितली नाही तर मी कशाला एवढी पानं तुझ्यावर तोंडसुख घेतलं? पहिल्याच गुरुवारी, चार वाजता, सासूबाईंचा पुण्याहून व्हिडिओ कॉल आला. "कुठे गायब होतात गं मायलेकी?" मी बाबागाडीला धरून गेर्लिंगेनच्या स्टॉपवर उभी होते. म्हटलं, "अहो आई, बेबी स्विमिंगला गेलो होतो. इथे लावतात सगळे." ज्या बाईंशी फक्त कचऱ्याच्या डब्यांबद्दल बोलायचे त्यांना मी सगळं सांगितलं आणि जी माणसं तिला रोज बघायला तळमळतात त्यांना पोहण्याचा क्लास. नवरा म्हणाला, "सांगून टाक ना, आई काही म्हणणार नाही." मी म्हटलं, नंतर सांगू. त्यानंतर दर गुरुवारी त्या विचारत गेल्या आणि मी सांगत गेले, आज पाण्यात हसली, आज पाय मारले. त्यांच्या सोसायटीत सगळ्यांना माहीत आहे की त्यांची नात जर्मनीत पोहते. व्हिडिओ कॉलवर मी तिला नेहमी एकाच खांद्यावर घ्यायची, कुठल्या ते तुला सांगायला नको. सासूबाई म्हणायच्या, "बघा कशी आईला बिलगलीय!"

त्या पुढच्या महिन्यात येतायत. काल कॅमेऱ्यासमोर त्यांनी एवढासा पोहण्याचा पोशाख धरला, गुलाबी, झालरीचा. "एकदा तिला पाण्यात बघायचंय गं मला, तुमच्या त्या क्लासात." मी म्हटलं, हो अहो आई, जाऊ की. फोन ठेवला आणि गेर्लिंगेनच्या पोहण्याच्या तलावावर फोन करून बाळांच्या क्लासमध्ये तिचं नाव घातलं. तिथल्या मुलीनं विचारलं, मंगळवार सकाळ की गुरुवार दुपार? मी गुरुवार सांगितला, तीन वाजताचा.